पासवर्डची ताकद तपासणारी साधने : कोल्हापूरच्या नवख्या वापरकर्त्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

नवे खाते उघडताना पासवर्डच्या चौकटीखाली एक पट्टी दिसते. अक्षरे वाढत जातात तशी ती लाल, मग नारिंगी आणि शेवटी हिरवी होते, आणि ती हिरवी झाली की आपले काम झाले असे बहुतेकांना वाटते. दुकानाच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर असो, महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज असो किंवा एखाद्या पतसंस्थेचे मोबाइल ॲप असो, ही पट्टी नेमके काय मोजते हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर विसंबणे योग्य नाही. पासवर्डमध्ये मराठी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची सवय असलेल्या आपल्या भागातील लोकांना तर ही पट्टी हमखास फसवते, कारण अशी बहुतेक साधने इंग्रजी भाषकांसाठी घडवलेली आहेत. रंकाळा, अंबाबाई किंवा पन्हाळा हे शब्द त्यांना शब्द म्हणून ओळखता येत नाहीत. त्यांच्या लेखी ती केवळ अर्थहीन अक्षरांची रांग असते. म्हणून ही साधने कोणत्या क्रमाने वापरावीत आणि त्यांचे उत्तर आपल्या परिस्थितीत कसे वाचावे, हे येथे सांगितले आहे.

ताकद म्हणजे नेमके काय

पासवर्डची ताकद म्हणजे तो ओळखण्यासाठी हल्लेखोराला किती अंदाज करावे लागतील याचे माप. हे अंदाज दोन परिस्थितींत केले जातात. पहिल्या परिस्थितीत हल्लेखोर संकेतस्थळाच्या प्रवेशपानावर एकामागून एक पासवर्ड घालून पाहतो. तेथे काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते गोठवले जाते, त्यामुळे त्याचा वेग फार मंद राहतो. दुसरी परिस्थिती अधिक गंभीर असते. संकेतस्थळाची माहिती चोरीला गेली की हल्लेखोराच्या हाती सर्व खात्यांचे हॅश लागतात. नीट चालवलेले संकेतस्थळ पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, तर गणिती प्रक्रियेने तयार केलेला त्याचा ठसा साठवते आणि त्या ठशालाच हॅश म्हणतात. ठशावरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. मात्र एखादा अंदाज घेऊन त्याचा ठसा काढणे आणि तो चोरलेल्या ठशाशी जुळतो का हे पाहणे शक्य असते. हे काम हल्लेखोर स्वतःच्या संगणकावर करतो, त्यामुळे त्याला अडवणारे कोणीही नसते. हॅशची पद्धत जुनी व वेगवान असेल तर सेकंदाला हजार कोटी अंदाज हा वेग आज गृहीत धरावा लागतो. पद्धत मुद्दाम संथ ठेवलेली असेल तर तोच वेग सेकंदाला सुमारे दहा हजारांवर येतो.

या वेगाचा अर्थ काही उदाहरणांतून स्पष्ट होईल. फक्त लहान रोमन अक्षरांचा आठ अक्षरी पासवर्ड सुमारे २०,९०० कोटी प्रकारे लिहिता येतो, आणि हजार कोटींच्या वेगाने ते सर्व प्रकार २१ सेकंदांत तपासून होतात. मोठी व लहान अक्षरे, अंक आणि चिन्हे अशी कळफलकावरील सर्व ९४ अक्षरचिन्हे खरोखर यादृच्छिकपणे, म्हणजे कोणताही क्रम वा अर्थ न ठरवता वापरली, तर त्याच आठ जागांसाठी सात दिवस लागतात. दहा अंकी मोबाइल क्रमांक पासवर्ड म्हणून ठेवला असेल तर अर्धा सेकंदही लागत नाही. एमएच ०९ ने सुरू होणारा गाडीचा क्रमांक घेतला, तर दोन अक्षरे व चार अंक मिळून सुमारे ६८ लाख शक्यताच उरतात; त्या तपासायला संथ पद्धतीच्या हॅशवरही बारा मिनिटे पुरेशी असतात.

पट्टी कोणत्या नियमावर चालते

जुन्या धाटणीच्या पट्ट्या चारच गोष्टी पाहतात : लांबी आठ आहे का, एखादे मोठे अक्षर आहे का, अंक आहे का, चिन्ह आहे का. या नियमांना अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक दस्तऐवजातून मोठे बळ मिळाले. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये, त्यातील बऱ्याच सल्ल्याबद्दल आता खेद वाटतो, असे जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी त्या संस्थेने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अक्षर-अंक-चिन्हांची सक्ती तसेच ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावण्याची प्रथा सोडून देण्यास सांगितले. त्याऐवजी लांबीवर भर द्यावा आणि प्रत्येक नवा पासवर्ड पूर्वी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहावा, अशी शिफारस केली. आपल्याकडील अनेक ॲपमध्ये मात्र अजूनही २००३ चेच नियम दिसतात. पहिले अक्षर मोठे केलेला रोमन लिपीतील ‘कोल्हापूर’, त्यापुढे ॲटचे चिन्ह आणि १२३ अंक, असा पासवर्ड त्या पट्टीवर हिरवा होतो. या शहरातील किती लोकांना नेमका हाच पासवर्ड सुचला असेल याचा विचार केला, की ती हिरवी पट्टी किती कुचकामी आहे हे लक्षात येते.

सुरुवात करण्यापूर्वी एक अट

आपला खरा, वापरात असलेला पासवर्ड अनोळखी संकेतस्थळावर तपासण्यासाठी कधीही टाइप करू नये. ‘तुमचा पासवर्ड किती मजबूत आहे ते पाहा’ असे म्हणणारी पाने इंटरनेटवर भरपूर आहेत. त्यांपैकी काही प्रामाणिक आहेत, पण टाइप केलेली अक्षरे पडद्यामागे कोठे जातात हे नवख्या माणसाला पडताळता येत नाही. पान उघडल्यावर इंटरनेट बंद करून तपासावे, असा सल्ला काही जण देतात. तोही पूर्ण सुरक्षित नाही, कारण पानाने अक्षरे राखून ठेवली तर जोडणी पुन्हा सुरू होताच ती पाठवता येतात. नेट कॅफेतील किंवा संगणक वर्गातील सामायिक यंत्रावर तर हे काम करूच नये.

यावर उपाय असा, की खऱ्या पासवर्डऐवजी त्याच घडणीचा दुसरा नमुना तपासावा. खरा पासवर्ड ‘मुलीचे नाव, चिन्ह, जन्मवर्ष’ अशा घडणीचा असेल, तर दुसरेच एखादे नाव, दुसरे चिन्ह आणि दुसरे वर्ष घेऊन तपासावे. साधनाने दिलेले उत्तर त्या घडणीचे असते आणि आपल्याला जे जाणून घ्यायचे आहे ते त्यातून कळते. खरा पासवर्ड तपासणे आवश्यकच असेल, तर आपल्या स्वतःच्या यंत्रावर बसवलेले आणि इंटरनेटशिवाय चालणारे साधन वापरावे. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी : खात्यांची उतरंड

सर्व खाती एकाच दिवशी तपासायला घेऊ नयेत. सर्वांत आधी मुख्य ईमेल घ्यावा, कारण इतर बहुतेक खात्यांचा पासवर्ड विसरल्यास नवा मिळवण्याची वाट त्याच ईमेलमधून जाते. त्यानंतर बँक व पैशांची खाती, मग मोबाइलशी जोडलेले गूगल किंवा ॲपल खाते, मग समाजमाध्यमे, आणि शेवटी खरेदी, वाचन व करमणुकीची खाती असा क्रम ठेवावा.

दुसरी पायरी : पासवर्ड पूर्वी फुटला आहे का

ताकद मोजण्याआधी हा प्रश्न सोडवावा, कारण फुटलेल्या पासवर्डला ताकद उरतच नाही. २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. ते हॅश न करता उघडेच साठवलेले होते. त्यांपासून तयार झालेली यादी हल्लेखोर आजही पहिल्या फेरीत वापरतात, आणि त्यानंतर झालेल्या गळतींमुळे अशा याद्या कितीतरी पटींनी फुगल्या आहेत.

या कामासाठी सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही सेवा. ऑस्ट्रेलियातील सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी ती २०१३ च्या डिसेंबरमध्ये सुरू केली. तिच्या मुख्य पानावर आपला ईमेल पत्ता घातला, की तो पत्ता कोणकोणत्या गळतीत सापडला आहे ते दिसते. पासवर्ड तपासण्याचा वेगळा विभाग २०१७ मध्ये आला आणि २०१८ पासून तो एका हुशार पद्धतीने चालतो. आपण घातलेल्या पासवर्डचा ४० चिन्हांचा ठसा आपल्याच ब्राउझरमध्ये काढला जातो आणि त्यातील फक्त पहिली पाच चिन्हे सेवेकडे पाठवली जातात. त्या पाच चिन्हांनी सुरू होणारे जेवढे फुटलेले ठसे असतील ते सर्व सेवा परत पाठवते, आणि आपला ठसा त्यात आहे का हे पुन्हा आपल्याच यंत्रावर पाहिले जाते. पाच चिन्हांचे दहा लाखांहून अधिक गट होतात आणि प्रत्येक गटात शेकडो ठसे असतात. त्यामुळे आपण नेमका कोणता पासवर्ड तपासला हे सेवेला कळत नाही. वर सांगितलेली अट थोडी शिथिल करायची झाली तर ती याच सेवेपुरती करता येईल, पण संकेतस्थळाचा पत्ता अचूक आहे याची खात्री करूनच. नवख्या माणसाने तरीही पुढील दोन मार्गांपैकी एक निवडावा, कारण त्यांत पासवर्ड कोठेही टाइप करावा लागत नाही.

अँड्रॉइड फोनवर पासवर्ड गूगलमध्ये साठवले असतील, तर क्रोम उघडून वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबावेत, सेटिंग्जमध्ये जावे, तेथे गूगल पासवर्ड मॅनेजर उघडावा आणि चेकअप निवडावे. थोड्या वेळात तीन गट समोर येतात : फुटलेले, एकाहून अधिक ठिकाणी वापरलेले आणि कमकुवत. याच क्रमाने ते हाताळावेत. आयफोनवर २०२४ च्या आयओएस १८ पासून पासवर्ड्स नावाचे स्वतंत्र ॲप आहे आणि त्यातील सुरक्षा विभागात अशाच सूचना मिळतात.

यादीत पासवर्ड सापडला तर तो ताबडतोब बदलावा, मग तो कितीही अवघड दिसत असो. सापडला नाही तर एवढाच निष्कर्ष काढावा, की ज्ञात गळतींत तो नाही. ‘अंबाबाई’पुढे आपल्या घराचा क्रमांक जोडलेला पासवर्ड कोणत्याही यादीत नसेल, आणि तरीही ज्याला आपला पत्ता ठाऊक आहे त्याला तो चार प्रयत्नांत सुचेल.

तिसरी पायरी : घडण ओळखणारे मापक

आता ताकद मोजण्याचे खरे साधन घेऊ. २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्स कंपनीतील डॅन व्हीलर यांनी एक मुक्त प्रणाली प्रसिद्ध केली. तिचे नाव म्हणजे कळफलकाच्या खालच्या ओळीतील झेड, एक्स, सी, व्ही, बी, एन ही सलग सहा इंग्रजी अक्षरे. शोधताना तीच टाइप करावीत. ही प्रणाली चार नियमांवर गुण देत नाही, तर हल्लेखोर जसा विचार करेल तसा पासवर्डचे तुकडे पाडते. नेहमीच्या पासवर्डांची यादी, इंग्रजी शब्द, अमेरिकी नावे व आडनावे, तारखा, कळफलकावरील शेजारच्या कळांच्या ओळी, पुन्हा पुन्हा येणारी अक्षरे, तसेच ‘ए’ऐवजी ॲटचे चिन्ह किंवा ‘ओ’ऐवजी शून्य अशा अदलाबदली ती ओळखते. प्रत्येक तुकड्याला किती अंदाज लागतील ते काढून ती ० ते ४ असा गुण देते. अनेक संकेतस्थळे आणि पासवर्ड सांभाळणारी सॉफ्टवेअर आज पडद्यामागे हीच प्रणाली किंवा तिच्यावर आधारलेली रूपे वापरतात.

तिच्या सविस्तर उत्तरात फुटण्याच्या वेळेच्या चार ओळी असतात. पहिली ओळ तासाला १०० प्रयत्नांची, दुसरी सेकंदाला १० ची, तिसरी सेकंदाला १०,००० ची आणि चौथी सेकंदाला हजार कोटींची. नवखे वाचक बहुधा पहिली ओळ पाहतात आणि तेथे ‘शतके’ असे दिसले की निश्चिंत होतात. आपण शेवटची ओळ पाहावी, कारण आपला पासवर्ड साठवणाऱ्या संस्थेने कोणती पद्धत वापरली आहे हे आपल्याला बाहेरून समजत नाही.

येथे आपल्या भाषेचा प्रश्न उभा राहतो. या प्रणालीच्या मूळ शब्दयादीत मराठी शब्दकोश नाही. त्यामुळे रोमन लिपीतील मराठी शब्द तिला यादृच्छिक अक्षरांसारखे वाटतात आणि ती गुण वाढवून देते. केवळ लांबीवर चालणारे ढोबळ गणकयंत्र तर आणखी फसवते. रोमन लिपीतील ‘कोल्हापूर’ची आठ अक्षरे, एक चिन्ह आणि चार अंक अशा तेरा जागांच्या पासवर्डला ते सर्व ९४ अक्षरचिन्हांचा हिशेब लावून हजार कोटींच्या वेगानेही सुमारे १४ कोटी वर्षे लागतील असे सांगेल. आता हल्लेखोराच्या बाजूने हिशेब करू. त्याने महाराष्ट्रातील नावे, आडनावे, गावे, दैवते आणि नेहमीचे शब्द मिळून ५०,००० नोंदींची यादी केली, प्रत्येक शब्द तीन प्रकारे लहान-मोठ्या अक्षरांत लिहिला, पुढे दहा नेहमीच्या चिन्हांपैकी एक लावले आणि चार अंकांच्या दहा हजार जोड्या घेतल्या, तर एकूण शक्यता १,५०० कोटी होतात. सेकंदाला हजार कोटींच्या वेगाने हे काम दीड सेकंदाचे आहे. चौदा कोटी वर्षे आणि दीड सेकंद यांतील अंतर म्हणजेच त्या साधनाला आपली भाषा न कळल्याची किंमत.

यावर नवख्यालाही जमेल अशी एक युक्ती आहे. पासवर्डच्या नमुन्यातील प्रत्येक मराठी शब्दाच्या जागी तेवढ्याच ओळखीचा एखादा सोपा इंग्रजी शब्द घालावा आणि मग मापकाचे उत्तर पाहावे. गावाच्या जागी लंडन, दैवताच्या जागी एंजल, तालमीच्या किंवा फुटबॉल संघाच्या जागी टायगर, मुलाच्या नावाच्या जागी मायकल असे बदल पुरेसे आहेत. अंक व चिन्हे नमुन्यातील जागीच राहू द्यावीत. आधी ४ गुण मिळवणारा नमुना अशा बदलानंतर १ किंवा २ वर घसरला, तर हा खालचा गुणच आपल्या पासवर्डचा खरा गुण मानावा. कोल्हापुरात प्रत्येकाला ठाऊक असलेले अंक मात्र वेगळे ध्यानात ठेवावे लागतात : ०२३१ हा दूरध्वनीचा संकेतांक, ४१६ ने सुरू होणारा पिनकोड आणि एमएच ०९. हे अंक कोणत्याही मापकाला परिचित नसले, तरी आपल्या भागातील खाती फोडू पाहणारा ते पहिल्याच फेरीत घालेल. म्हणून तपासताना ते काढून टाकावेत आणि उरलेल्या भागाचा गुण पाहावा.

मराठी शब्दांचे रोमन लेखन अनेक प्रकारे होते आणि त्यामुळे पासवर्ड सुरक्षित राहतो, असा एक समज आहे. ‘पूर’ हे एक किंवा दोन स्वराक्षरांनी लिहिता येते, ‘ज्योतिबा’चे चार-पाच प्रकार करता येतात, हे खरे. परंतु यामुळे हल्लेखोराचे काम फार तर पाच-दहा पट वाढते, आणि दीड सेकंदाचे पंधरा सेकंद होण्याने आपले संरक्षण होत नाही.

डीटीपी आणि टायपिंगचा व्यवसाय करणाऱ्यांमध्ये आणखी एक क्लृप्ती दिसते. मनात मराठी शब्द धरायचा, बोटे इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कळफलकाप्रमाणे चालवायची, पण यंत्र इंग्रजीवरच ठेवायचे. पडद्यावर अगम्य अक्षरे उमटतात आणि मापक पूर्ण गुण देतो. क्लृप्ती चतुर आहे, पण कळफलकाचा आराखडा सर्वांना उपलब्ध असतो आणि संपूर्ण मराठी शब्दयादी त्या आराखड्यातून पालटून घेणे हे छोट्याशा प्रोग्रामचे काम आहे. अशा पासवर्डालाही मूळ मराठी शब्दाइतकेच गुण द्यावेत.

थेट देवनागरीत पासवर्ड ठेवण्याचा विचारही अनेकांच्या मनात येतो. काही संकेतस्थळे तो स्वीकारतात, परंतु दुसऱ्या यंत्रावर मराठी कळफलक नसेल तर आपल्याच खात्यात प्रवेश मिळत नाही. शिवाय देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे मात्रा व हलन्तसुद्धा, साठवताना नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट (साठवणुकीचे एकक) घेते. बीक्रिप्ट ही प्रचलित हॅशपद्धत ७२ बाइटपर्यंतचाच मजकूर विचारात घेते, म्हणजे त्या पद्धतीत देवनागरीची फक्त २४ चिन्हे मोजली जातात आणि त्यापुढचे लेखन वाया जाऊ शकते. लांब मराठी वाक्य पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्याला हे कोणतीही पट्टी सांगत नाही. म्हणून सध्या तरी रोमन लिपीच वापरावी.

चौथी पायरी : स्वतः न सुचवता निवडू देणे

वरील सर्व अडचणींचे मूळ एकच आहे. शब्द आपण निवडतो आणि आपल्याला सुचणारे शब्द आपल्या शेजाऱ्यालाही सुचतात. म्हणून मापकाला समाधान वाटेपर्यंत जुन्या पासवर्डला चिन्हे चिकटवत बसण्याऐवजी नवा पासवर्ड यंत्राकडून किंवा फाशांकडून काढून घ्यावा.

त्यासाठी कीपासएक्ससी हे विनामूल्य, मुक्त आणि मराठी माणसाच्या साध्या संगणकावरही सहज चालणारे सॉफ्टवेअर घ्यावे. ते विंडोज, मॅक व लिनक्सवर चालते, सर्व माहिती आपल्याच यंत्रावरील एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवते आणि इंटरनेटची मागणी करत नाही. ते त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे. नवी फाइल तयार करून मुख्य पासवर्ड ठरवला, की पासवर्ड जनित्र, म्हणजे पासवर्ड तयार करून देणारा विभाग, उघडावे. त्यात लांबी २० ठेवून पासवर्ड काढला की खाली गुणवत्ता आणि एन्ट्रॉपी दिसते. एन्ट्रॉपी म्हणजे पासवर्डचा अंदाज करणे किती अवघड आहे याचे माप. ती बिटमध्ये मोजतात आणि एक बिट वाढला की हल्लेखोराचे काम दुप्पट होते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. जनित्राने काढलेल्या पासवर्डसाठी हा आकडा विश्वासार्ह असतो. हाताने टाइप केलेल्या मराठी शब्दांसाठी मात्र तो वर सांगितलेल्या कारणानेच फुगलेला असतो. हीच बाब नवख्यांच्या नजरेतून सुटते, म्हणून ती पुन्हा सांगावीशी वाटते.

जो पासवर्ड पाठच करावा लागतो, उदाहरणार्थ या फाइलचा मुख्य पासवर्ड, त्याच्यासाठी शब्दांची माळ उत्तम. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये फाशांनी शब्द निवडण्याची पद्धत मांडली. यादीत ७,७७६ शब्द असतात. पाच वेळा फासा टाकला की पाच अंक मिळतात आणि त्या क्रमांकाचा शब्द घ्यायचा. असे सहा शब्द घेतले की सुमारे ७७ बिट होतात आणि हजार कोटींच्या वेगानेही सर्व शक्यता तपासायला सात लाख वर्षे लागतात. कीपासएक्ससीच्या जनित्रात हीच सोय ‘पासफ्रेज’ या विभागात आहे. इंग्रजी शब्द पाठ राहत नसतील, तर घरच्यांनी मिळून १,२९६ साध्या मराठी शब्दांची यादी करावी, प्रत्येक शब्दाचे एकच रोमन लेखन पक्के करावे आणि प्रत्येक शब्दासाठी चार वेळा फासा टाकून असे सात शब्द घ्यावेत. ही माळ सुमारे ७२ बिटांची होते आणि तिला १९ हजार वर्षे लागतात. यादी कोणाच्या हाती पडली तरी या आकड्यांत फरक पडत नाही, कारण ताकद निवडीच्या यादृच्छिकतेत आहे. फाशाने दिलेला शब्द आवडला नाही म्हणून बदलू नये. आवडीने बदलत गेलो तर निवड पुन्हा आपल्या डोक्यातून येऊ लागते.

सर्व पासवर्ड त्या फाइलमध्ये भरून झाले, की डेटाबेस मेनूतील अहवाल उघडावेत. आरोग्य तपासणीच्या पानावर कमकुवत व पुनरावृत्त पासवर्ड क्रमाने दिसतात. शेजारच्या पानावर दुसऱ्या पायरीतील गळतीची तपासणी वरील सुरक्षित पद्धतीनेच होते आणि त्यासाठी इंटरनेटवर जाण्यापूर्वी सॉफ्टवेअर आपली परवानगी घेते. फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवावी, कारण मुख्य पासवर्ड किंवा फाइल हरवल्यास ती कोणीही परत मिळवून देऊ शकत नाही.

संस्थेचे संगणक सांभाळणाऱ्यांसाठी

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील कारखान्यात, पतसंस्थेत किंवा शाळेत संगणकांची जबाबदारी असलेल्यांच्या हाती थोडी अधिक साधने असतात. लिनक्सवर ‘पीडब्ल्यूस्कोअर’ ही आज्ञा पासवर्डला ० ते १०० गुण देते आणि तिच्यामागील क्रॅकलिब या, सोपे पासवर्ड ओळखणाऱ्या प्रणालीच्या शब्दकोशात स्थानिक शब्द घालता येतात. मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा या, संस्थेतील खाती व प्रवेश सांभाळणाऱ्या सेवेच्या सशुल्क योजनेत निषिद्ध शब्दांची स्वतःची १,००० पर्यंत नोंदींची यादी करता येते. तिच्यात संस्थेचे नाव, गावे, दैवते, तालमी आणि उत्पादनांची नावे रोमन लिपीत भरावीत. संकेतस्थळ बनवून घेत असाल तर विकासकाला सांगावे, की व्हीलर यांच्या प्रणालीला स्वतःचे शब्द देण्याची सोय आहे आणि ती वापरूनच पट्टी बसवावी. असे केले तर रंकाळ्याला हिरवा रंग मिळणार नाही, आणि जे काम प्रत्येक वापरकर्त्याला युक्तीने करावे लागते ते एका जागी होऊन जाईल.

जॉन द रिपर आणि हॅशकॅट ही खरोखर हॅश फोडून पाहणारी साधने आहेत. संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय ती कोणाच्याही पासवर्डवर चालवू नयेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ नुसार अनधिकृत प्रवेशासारख्या कृत्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

मापकाच्या कक्षेबाहेरचे

बनावट पानावर स्वतःच टाइप केलेला किंवा फोनवर सांगितलेला पासवर्ड कितीही बिटांचा असला तरी वाचत नाही. म्हणून ईमेल व बँकेच्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावावी आणि संकेतस्थळ पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी आपल्या फोनच्या कुलपाने प्रवेश करण्याची सोय देत असेल तर ती स्वीकारावी. ज्येष्ठ मंडळींना सॉफ्टवेअर झेपत नसेल, तर फाशांनी काढलेले पासवर्ड वहीत लिहून ती घरातील कपाटात ठेवणे हा सर्वत्र एकच सोपा पासवर्ड वापरण्यापेक्षा कितीतरी चांगला मार्ग आहे. दुकानाच्या गल्ल्यावर मात्र ती वही ठेवू नये.

तपासणीत एखादा पासवर्ड फुटलेला आढळला आणि तोच इतरत्र वापरला असेल, तर ओळखीच्या यंत्रावरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा, इतर सर्व यंत्रांवरील प्रवेश बंद करावा आणि खात्याला जोडलेला पर्यायी मोबाइल क्रमांक आपलाच आहे हे पाहावे. पैसे गेल्याचे दिसल्यास बँकेला कळवून लगेच १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी.

एक जागा सर्वच मापकांकडून तपासायची राहून जाते, ती म्हणजे पासवर्ड विसरल्यावर विचारले जाणारे प्रश्न. आईचे माहेरचे आडनाव, पहिली शाळा, जन्मगाव यांची उत्तरे आपल्या गल्लीत आणि भावकीत सर्वांना तोंडपाठ असतात, आणि त्या उत्तरांनी सर्वांत बळकट पासवर्डही वळसा घालून टाळता येतो. तेथे खरे उत्तर देण्याचे बंधन नसते. कीपासएक्ससीच्या जनित्रातून चार शब्दांची वेगळी माळ काढावी, तीच उत्तर म्हणून भरावी आणि त्या खात्याच्या नोंदीखालील टिपणाच्या चौकटीत प्रश्नासह लिहून ठेवावी.